धुळ्याची डोकरी

केळी पिकवणाऱ्या घरात संशय हा सालदारासारखा असतो. वर्षाच्या बोलीवर ठेवलेला, दोन वेळ घरचं जेवणारा आणि काढून टाकायचं कोणाच्या मनातही न येणारा. व्यापाऱ्याच्या काट्यावर संशय, घड उतरवणाऱ्यांवर संशय, विहिरीचं पाणी खाली गेलं की शेजाऱ्याच्या मोटारीवर संशय. फैजपूरच्या आमच्या घरात ही शिस्त माझ्या आजोबांनी, आबांनी, सगळ्यांना लावली होती. त्यांच्यासमोर कोणी कशाची फार स्तुती केली की ते त्या वस्तूपेक्षा त्या माणसाकडेच निरखून बघत. म्हणून माझ्या वडिलांनी, नानांनी, थंडीच्या दिवसांत एका दुपारी ट्रॅक्टरच्या मागे दोरखंडानं बांधून एक जीप अंगणात आणली तेव्हा घरात कोणालाही आनंद झाला नाही. ती का आणली, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता. नाना वांगंही उलटंपालटं करून घेणारे, आणि ही गाडी त्यांनी घरात कोणाला न सांगता आणली होती.

गाडी अशी होती की तिला गाडी म्हणायला धीर लागे. हूड नव्हतं, नुसत्या लोखंडी बरगड्या होत्या. पुढचा एक दिवा फुटलेला. सीटवर कोंबड्यांनी वर्षानुवर्षं मुक्काम केल्याच्या खुणा, आणि बोनेट उघडलं तर आत गवताचं घरटं. आबा काठी टेकत तिच्याभोवती एक फेरी मारून आले, मडगार्डवर काठीनं टकटक केलं आणि विचारलं, "कोठून आणली?"

"धुळ्याकडून," नाना म्हणाले.

"भुसावळात जीपा संपल्या?"

नानांनी सांगितलं की ही पडूनच होती, आणि पावसाळ्यात केळीच्या बागेत ट्रॅक्टर फसतो तिथे ही फसणार नाही, हिची चारही चाकं ओढतात. आबांनी चारही चाकांकडे बघितलं. त्यांतल्या एकातही हवा नव्हती. "ओढतील," ते म्हणाले आणि आत गेले.

आईचा संशय त्याच संध्याकाळी सुरू झाला आणि तो आबांच्या संशयापेक्षा वेगळा होता. तिला जीपशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं की धुळ्यात कोण आहे. यामागे कारण होतं. आमच्या गल्लीत एक अतिशय सज्जन गृहस्थ वारले, आणि त्यांच्या तेराव्याला नंदुरबारहून दुसरी बायको मुलांसकट उतरली. पहिलीनं तिला पाणी दिलं, जेवायला वाढलं आणि त्या दिवसापासून स्वतः अर्धी होऊन गेली. तेव्हापासून गल्लीतल्या बायका नवऱ्यांच्या खिशांतल्या एसटीच्या तिकिटांकडे बारकाईनं बघू लागल्या होत्या. नाना त्या हिवाळ्यापासून दर आठ-पंधरा दिवसांनी धुळ्याला जाऊ लागले, सुटे भाग आणायला. ते आले की पिशवी आता आईच रिकामी करायची.

नानांनी जाहीर केलं होतं की गाडी बाहेर द्यायची नाही, सगळ्यांनी मिळून घरीच नीट करायची. मिस्त्री तेवढा धुळ्याहून येईल. यावर आबांनी पुन्हा विचारलं की भुसावळचे मिस्त्री मेले का. रेल्वेचं इंजिन उघडणारी माणसं हाकेच्या अंतरावर असताना धुळ्याहून माणूस कशाला? नाना म्हणाले, हा जुन्या जीपांतला आहे. रमण मिस्त्री असं त्याचं नाव. शनिवारी एसटीनं यायचा, रविवारी संध्याकाळी परत जायचा. उंच, बोलघेवडा, स्वतःवर खूश माणूस. पहिल्याच दिवशी त्यानं इंजिनाचा एक बोल्ट मोडला आणि आम्हाला समजावून सांगितलं की यात चूक बोल्टची आहे. तो अहिराणी बोलायचा आणि जीपला त्यानं पहिल्या तासात नाव ठेवलं, डोकरी. म्हातारी. "डोकरी आइकत नही", "डोकरीले ग्रीस पाहिजे", "डोकरी आते चालाले लागी". दोन आठवड्यांत आम्हीही जीपला डोकरी म्हणू लागलो. आबासुद्धा. या नावामुळे पुढे काय घोटाळा होणार आहे ते तेव्हा फक्त मिस्त्री आणि नाना जाणत असतील, आणि मला वाटतं मिस्त्रीलाही नीटसं कळलं नव्हतं.

माझ्याकडे नटबोल्ट आले. मी तेव्हा नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते आणि घरात माझी ख्याती अशी होती की बेबीकडे दिलेली वस्तू हरवत नाही. काढलेला प्रत्येक नट डिझेलमध्ये धुवायचा, पुसायचा, वेफर्सच्या रिकाम्या डब्यांत वेगवेगळा ठेवायचा आणि वर चिकटपट्टीवर लिहायचं, हा कमानपाट्याचा, हा स्टिअरिंगचा, हा कोठला ते माहीत नाही. आजही माझ्या जळगावच्या स्वयंपाकघरात सगळ्या डब्यांवर नावं आहेत आणि सुना त्यावरून हसतात. त्यांना सांगायला हवं की ही सवय हळदी-तिखटावर लागलेली नाही. तो शेवटचा, 'माहीत नाही'चा डबा सगळ्यांत जड होता. मिस्त्री म्हणायचा, जुन्या गाडीत तो डबा भरतोच, आणि गाडी जोडून झाल्यावरही थोडा उरतो. आबांना हे मुळीच पटलं नाही. त्यांच्या मते उरलेला प्रत्येक नट म्हणजे रस्त्यात कुठेतरी निखळणारं चाक होतं.

रंग खरवडायचं काम आईनं घेतलं. ज्या बाईला ही गाडी नको होती तिनंच तिच्यावर सगळ्यांत जास्त हात चालवला, याचं तेव्हा मला नवल वाटे. दुपारची भांडी झाली की ती पदर खोचून पॉलिशपेपर घेऊन बसायची. वरचा खाकी रंग गेला, खाली हिरवा निघाला, हिरव्याखाली तांबडा. आता समजतं की ती रंग काढत नव्हती, उलटतपासणी करत होती. शेवटी नुसतं लोखंड लागलं तेव्हा तिनं कागद फेकून दिला. लोखंड काहीच बोललं नव्हतं.

आबा देखरेखीला म्हणून अंगणात खाट टाकून बसत. मिस्त्रीनं पिशवी उचलली की ते त्याला चहा घ्यायला बसवत आणि तोवर पिशवीकडे बघून घेत. पण नुसतं बसणं त्यांना जमत नसे. सीटांचे सांगाडे बघून ते एक दिवस म्हणाले की यात फोम-बिम घालू नका, कोंबड्या पुन्हा येतील. आणि पुढची सीट त्यांनी खाटेसारखी नवारीनं विणायला घेतली. पट्टी ओढून, गुडघा दाबून, घट्ट. कामात ते इतके रमायचे की संशय घ्यायचं विसरायचे, असं आई म्हणायची. मला तेव्हाही ते खरं वाटलं नाही.

फोन बाहेरच्या खोलीत होता, क्रोशाच्या रुमालाखाली. आबांनी त्याच्या चकतीला छोटं कुलूप लावलं होतं. पण बाहेरून आलेल्या फोनला कुलूप कसं लावणार? धुळ्याहून फोन आला की नाना उठून उभे राहत आणि ओरडून बोलत, कारण तेव्हा धुळं आवाजानं फार लांब होतं. एकदा आम्ही जेवत होतो. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, आबांच्या ताटात जास्तीचा ठेचा. नाना उठून गेले आणि आतल्या खोलीपर्यंत ऐकू आलं, "डोकरी काय म्हणते? ... जेवली का? ... थंडीचं बाहेर बसू देऊ नका तिला." आईची भाकरी तव्यावरच राहिली. करपल्याचा वास आला तरी ती हलली नाही. नाना परत येऊन बसले आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणाले, "इंजिनचं बोलत होतो." इंजिन तेव्हा खरोखरच बोअर करायला धुळ्याला नेलं होतं. पण इंजिन जेवत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्या आठवड्यात नाना धुळ्याहून आले तेव्हा पिशवीत क्लचप्लेट, रबरी पाइप आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले नागलीचे पापड निघाले. आईनं गाठ सोडली, पापड एकावर एक मांडले आणि मला बोलावून विचारलं, "सुट्या भागांच्या दुकानात पापड मिळतात का ग?" मी म्हटलं, मिळत नसावेत. ती म्हणाली, "हे विकतचे नाहीत. विकतचा पापड गोल असतो. हा हातानं लाटलाय, आणि लाटणारीला नीट दिसत नाही. बघ, एक बाजू जाड." मग तिनं ते भाजून आबांना वाढले. आबांनी एक खाल्ला. "मीठ कमी आहे," म्हणाले. थोड्या वेळानं ताट पुढे करून म्हणाले, "अजून एक दे."

पुढच्या वेळी आईनं मला नानांबरोबर पाठवलं. धुळ्याला माझी काही पुस्तकं मिळतात, असं कारण तिनंच शोधलं. नानांनी नाही म्हटलं नाही, आणि हेच मला सगळ्यांत संशयास्पद वाटलं. आईच्या सूचना स्पष्ट होत्या. ते कोणाशी बोलतात, कोणाच्या घरी पाणी पितात, आणि पिताना बसून पितात की उभ्यानं. एसटी जळगावला बराच वेळ थांबली, तिथे नानांनी मला बोरं घेऊन दिली, मग पारोळ्यापर्यंत ते झोपले किंवा झोपल्याचं दाखवलं. मिस्त्रीचं गॅरेज मोठ्या रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये होतं. बाकावर आमचं इंजिन मांडलेलं, तेल पुसून चकचकीत. नानांनी मला स्टुलावर बसवलं, "आलोच" म्हणाले आणि शेडच्या मागच्या बोळात गेले.

मी थोडा वेळ थांबले. मग मिस्त्रीला सहज विचारल्यासारखं विचारलं, नाना कुठे गेले?

तो इंजिनावर वाकलेला होता. मान वर न करता म्हणाला, "डोकरीकडे गया. डोकरीना डोयावरनी पट्टी आज निंघनार शे."

आधी मला काहीच खटकलं नाही. रंगाचा फवारा मारताना दिव्यांच्या काचांवर आम्हीच कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, आणि दिव्यांना मिस्त्री डोळेच म्हणायचा. पट्टी निघणार, म्हणजे दिवे उघडे होणार. मग मी समोर बघितलं. डोकरीचं काळीज इथे बाकावर होतं. डोकरीचं धड दोन डोळ्यांसकट फैजपूरला आमच्या अंगणात उभं होतं. मग या बोळात कोणती डोकरी होती, जिच्या डोळ्यावरची पट्टी काढायला माझे वडील दीडशे किलोमीटर आले होते?

"कोणती डोकरी?" मी विचारलं.

मिस्त्रीचा पाना थांबला. त्यानं सावकाश मान वर केली आणि अतिशय प्रेमानं विचारलं, "बेबी, शेवभाजी खाशी का?"

मी नको म्हटलं. त्यानं चहा विचारला. तोही नको म्हटलं. मग तो हरला. "आइकीसनी काय करशी, बेन? तुना बापले इचार."

परतीच्या एसटीत मी बापाला विचारलं. नानांनी तिकिटं घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "सांगितलं तर घरी जाऊन आईला सांगशील?"

"हो," मी म्हटलं.

"मग नको. वाईट काही नाही एवढंच समज."

वाईट काही नाही असं जो म्हणेल त्याचा काटा आधी तपासावा, ही आबांची शिकवण. घरी गेल्यावर हातपाय धुण्याआधी मी आईला सगळं सांगितलं. बोळ, पट्टी, शेवभाजी. आई चुलीपुढे बसलेली होती. तिनं एकच गोष्ट पुन्हा विचारली. "डोकरी म्हणाला? बाई नाही म्हणाला?" मी म्हटलं, डोकरी. "आणि डोळ्याचं ऑपरेशन?" मी म्हटलं, तसंच दिसतं. तिनं उरलेल्या पापडांतला एक काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. "नागली पिंपळनेरकडची," ती स्वतःशीच म्हणाली. मग उठली आणि नानांना केळीच्या वखारीत बोलावलं. मला बोलावलं नव्हतं. तरी मी गेले आणि कोणी हाकललं नाही.

मला हे सांगायला हवं की नानांना एक मोठी बहीण होती, अक्का, एवढंच मला माहीत होतं. तिचा विषय निघाला की "ती गेली" असं म्हणत आणि बोलणं दुसरीकडे नेत. मराठीत गेली म्हणजे गेली, मी तिला मेलेलीच समजत होते. पितृपक्षात तिचं पान का वाढत नाहीत याचं कोडं मला पडलं होतं, पण विचारलं नव्हतं. त्या दिवशी वखारीत, पिकत घातलेल्या केळ्यांच्या उबट वासात, कळलं की अक्का नुसती गेली होती. पिंपळनेरच्या एका माणसानं लष्कराच्या लिलावातली जीप घेऊन लग्नाची वऱ्हाडं वाहायचा धंदा केला होता. आमच्या गल्लीतल्या एका लग्नाला तो आला, मग काही ना काही निमित्तानं येत राहिला. जात वेगळी, बोली वेगळी, हातात स्टिअरिंग. आबांनी नाही म्हटलं. एका सकाळी, भर उजेडात, अक्का त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून निघून गेली. आबा गल्लीच्या तोंडाशी उभे होते, जीप त्यांच्या अंगावरून गेल्यासारखी गेली. त्यानंतर तिचं नाव नाही.

तिचा नवरा गेल्या वर्षी वारला होता. मुलं सुरतेला. डोळ्यांसाठी ती धुळ्याला दिराकडे आली होती, मिस्त्रीच्या मागच्याच बोळात. मिस्त्रीनं तिच्या नवऱ्याची गाडी आयुष्यभर दुरुस्त केलेली. त्याच्याकडूनच नानांना पत्ता लागला. त्यांनी तिला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी चल म्हटलं. आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. सासरची लेक त्या दिवशी माहेरच्या झोक्यावर नसेल तर माहेर असून नसल्यासारखं. अक्का म्हणाली, येईन. पण एसटीनं उतरून, पिशवी घेऊन, दारात मागायला आल्यासारखी उभी राहणार नाही. ज्या गाडीत गेले त्याच गाडीत येईन. गाडी मात्र चिंचेखाली कोंबड्यांच्या ताब्यात होती.

"म्हणजे ही तीच?" आईनं विचारलं.

"तीच."

आई रडेल असं मला वाटलं. ती टोपलीच्या काठावर बसली आणि म्हणाली, "मला सांगता आलं नाही?"

"आबांना कळलं असतं."

"मी सांगितलं असतं?"

"तू नाही. तुझ्या चेहऱ्यानं सांगितलं असतं."

हे खरं होतं, आईला काही लपवता येत नसे. उठताना ती म्हणाली, "मग मागच्या सीटांचा घोळ कशाला घालत बसलात? आधी गाडी चालती करा. आखाजी काय थांबणार आहे?"

त्या दिवसापासून घरातला संशय संपला नाही, त्यानं फक्त तोंड फिरवलं. आता आम्ही तिघं मिळून आबांवर लक्ष ठेवू लागलो. त्यांच्या कानावर गेलं तर जीप त्याच दिवशी भंगारात जाणार, आणि अक्का परत कधी दाराशी येणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. आबा मिस्त्रीशी दोन शब्द जास्त बोलले की मी डबा पाडायची. त्यांनी गाडीजवळ जास्त वेळ काढला की आई त्यांना औषधाची आठवण करून द्यायची. आबा आमच्याकडे बघत आणि नवार ओढत राहत. त्यांना काय दिसत होतं कोण जाणे.

मग भोंगा आला. पितळी, वाकड्या गळ्याचा, रबरी फुग्याचा. याच जीपचा जुना भोंगा, मिस्त्रीनं तो कुठल्याशा कोपऱ्यातून काढून चिंच लावून घासला होता. फुगा कधीच फाटलेला, त्यानं नवा आणला. एका रविवारी जेवणाआधी त्यानं तो ठोकून बसवला आणि आम्ही कोणी काही म्हणायच्या आत दाबला. रेड्यानं मान वर करून रेकावं तसा आवाज गल्लीभर गेला. समोरच्या घरातली म्हातारी दारात आली, बघितलं आणि पुन्हा आत गेली. आबांचा हात नवारीवर होता. तो तसाच राहिला. आई स्वयंपाकघराच्या दारात, मी डब्यांजवळ, नाना बोनेटपाशी, कोणीच हललं नाही. मिस्त्री खुशीत होता. म्हणाला, हा जुना झाला, डोकरीला इलेक्ट्रिकचा लावू.

"नको," आबा म्हणाले. "हाच राहू दे." आणि पट्टी ओढून गाठ मारली.

रात्री जेवताना नानांनी आईला खुणेनं विचारलं, आईनं खांदे उडवले. आबा भरपूर जेवले. माणसाला कळलं असेल तर तो इतका जेवेल का, असं आई मागाहून म्हणाली. मी म्हटलं, न कळलेला माणूस भोंग्याची चौकशी तरी करेल. आम्ही दोघी त्यावर बराच वेळ बोललो आणि काहीच ठरलं नाही.

आखाजीच्या दोन दिवस आधी आबांनी नानांना बोलावून सांगितलं की पुढच्या सीटला पायरी लावून घे, उंच पडते. नाना म्हणाले, कोणाला? आबा म्हणाले, "मले." आबा त्या जीपमध्ये एकदाही बसले नव्हते, पुढेही कधी बसले नाहीत. पायरी लावली. आदल्या दिवशी नाना निघाले, उद्या धुळ्याला गाडीचं पासिंग आहे असं सांगून.

"उद्या आखाजी," आबा म्हणाले.

नानांनी खिशातली किल्ली चाचपली. मग म्हणाले की ऑफिसात ओळखीचा माणूस आहे.

आबांनी गाडीकडे बघितलं, नानांकडे बघितलं. "बरं," म्हणाले. "सावकाश आण."

आखाजीच्या दिवशी आई पहाटेपासून उलट्या खापरावर मांडे टाकत होती. मी आंबे पिळत होते. कडुनिंबाला झोका बांधला होता, गल्लीतल्या मुली गौराईची गाणी म्हणत झोके घेत होत्या, आणि प्रत्येक गाडीच्या आवाजाला आईचा हात थांबत होता. दाराच्या मागे तिनं तांब्या आणि भाकरीचा तुकडा सकाळीच ठेवला होता, वर फडकं टाकून, आबांना दिसू नये म्हणून. दुपार कलली. रसावर साय धरू लागली. मग गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला आणि मुलींचं गाणं मध्येच थांबलं.

हिरवी जीप दाराशी येऊन उभी राहिली. पुढच्या सीटवर काळा चष्मा लावलेली, पांढऱ्या केसांची, आबांसारख्याच नाकाची एक किडकिडीत बाई पुढच्या काचेजवळची दांडी घट्ट धरून बसली होती. ती उतरली नाही. नाना स्टिअरिंग धरून तसेच बसले. आई तांब्या घेऊन उंबऱ्यात थांबली, कारण काठीचा आवाज आला होता.

आबा बाहेर आले. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. पहिल्या दिवसासारखी गाडीभोवती फेरी मारली, मडगार्डवर काठीनं टकटक केलं आणि तिच्या बाजूला येऊन उभे राहिले.

"ब्रेक लागतात का?" त्यांनी विचारलं. कोणाला, ते कळलं नाही. नानांनी तोंड उघडलं, पण उत्तर अक्कानं दिलं.

"लागतात. तेव्हाही लागत होते."

"मग थांबली काहून नाही?"

"कोणी हात केला नाही, आबा."

आमच्याकडे जीपला थांबा नसतो. रस्त्यात जो हात करील त्याच्यासाठी ती थांबते, आणि ज्यानं हात केला नाही त्याच्यापुढून निघून जाते. हे लहान पोरालाही माहीत असतं. आबांनी काठीनं पायरी चाचपली. झोक्याची दोरी तेवढी करकरत होती. मग ते म्हणाले, "उतर आता. पायरी लावेल आहे."

आईनं पुढे होऊन भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि अक्काच्या पायांवर पाणी घातलं. पाणी थोडं जास्तच पडलं.

अक्का काही दिवस राहिली. त्यात फार गोडवा होता असं मी म्हणणार नाही. तिची बोली पार अहिराणी झाली होती, ती "शे" म्हणाली की आबा तोंड वाकडं करत. ती डोळ्यांत थेंब घालायची तर आबा बाटलीवरची तारीख वाचायला मागत. ते म्हणाले, पापडांत मीठ कमी होतं. ती म्हणाली, मग मागून मागून का खाल्ले? आबांना हे सगळं कधीपासून माहीत होतं, पापडापासून, भोंग्यापासून की पहिल्या दिवशी काठीनं मडगार्ड वाजवलं तेव्हापासून, हे आम्ही त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. आई शेवटपर्यंत म्हणायची, भोंगा. मी पापड म्हणते. पण मधूनमधून मला त्या विणलेल्या सीटची आठवण येते. आपल्याच घरातल्या खाटा त्यांनी इतक्या घट्ट कधी विणल्या नव्हत्या.

जायच्या दिवशी सकाळी अक्का त्याच सीटवर बसली. आईनं केळ्यांचे वेफर्स, लुगडं आणि रस आटवून केलेली पोळी पायाशी ठेवली. आबा निरोपाला दाराशी नव्हते. अक्कानं मागे वळून घराकडे बघितलं, मग समोर बघू लागली. नानांनी गिअर टाकला. आम्ही जीपमागे गल्लीतून चालत गेलो, आणि तोंडाशी पोचलो तर आबा तिथे उभे होते, रस्त्याच्या कडेला, काठी डाव्या हातात घेऊन. उजवा हात त्यांनी वर केला होता.

नानांनी ब्रेक दाबला. जीप जागच्या जागी उभी राहिली, धूळ पुढे निघून गेली. अक्का बाहेर वाकली. आबा तिच्याजवळ आले आणि दांडीवर हात ठेवून उभे राहिले. मागे केळ्यांचा ट्रक येऊन थांबला, त्यानं हॉर्न दिला, तरी ते हलले नाहीत.

"काय आबा?" अक्कानं विचारलं.

"काही नाही," आबा म्हणाले. "ब्रेक पाहू राह्यलो होतो."